दुसरा काठ नसलेलं पाणी

उन्हात पसरलेल्या द्राक्षांना जो वास येतो, त्याची मला भीती वाटते. नाशिकमध्ये राहून असं लिहिणं म्हणजे वेडेपणाच आहे. इथे फेब्रुवारी उलटला की ज्याच्या-त्याच्या तोंडी द्राक्षं. द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली की हातगाडीवरून वास येतो, पाहुणे परत जाताना पिशवी भरून नेतात, आणि आमच्या कॉलनीतल्या बायका मला विचारतात, तुम्ही कशा हो द्राक्षं आणत नाही. मधुमेह आहे, असं सांगून मी सुटका करून घेते. मला मधुमेह नाही.

तसं ताज्या द्राक्षांचं मला काही वाटत नाही. ती उन्हात पडली, साल सैल झाली, हिरव्याचं तपकिरी व्हायला लागलं आणि हवेत तो गोड, किंचित आंबूस, जड वास भरून राहिला, की मी पदरानं नाक झाकते. हात आधी वर जातो आणि कारण मागाहून आठवतं. कुणी पाहिलंच तर धूळ फार झाली आहे म्हणते.

गेल्या आठवड्यात विंचूरला शालूकडे गेले होते. शालू माझी धाकटी बहीण. तिच्या सासरची थोडी द्राक्षबाग आहे, आणि बाजारात न गेलेल्या मालाचे ती बेदाणे करते. शेडमध्ये एकावर एक जाळ्या बांधलेल्या, त्यांवर द्राक्षं पसरलेली, मधून कोरडा वारा फिरत होता. शालू हातानं घड उलटत होती आणि मी शेडच्या बाहेर, कडुनिंबाखाली उभी होते. आत ये म्हणून तिनं दोनदा बोलावलं. मी उकडतंय म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

‘ताई, तू लय भेती,’ ती म्हणाली. ‘पोरगं जहाजावर हाय, काय लढाईवर नाय.’

मी हसले. लढाई आणि जहाज या दोन गोष्टी आता पूर्वीसारख्या वेगळ्या राहिलेल्या नाहीत, हे तिला कशाला सांगायचं?

माझ्या फोनमध्ये एक नकाशा आहे. जगभरची जहाजं त्यावर बारीक रंगीत बाणांसारखी दिसतात. त्यातला एक बाण माझा आहे. माझा मुलगा सुमेध त्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतो. सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी मी तो बाण शोधते, आणि तो कालच्यापेक्षा पुढे सरकलेला दिसला की मगच चहा टाकते. परवापासून बाण दिसत नाही. हे असं होणार, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या अरुंद समुद्रात जहाजांवर हल्ले होतात, तिथे आम्ही सिग्नल बंद ठेवतो, आई. बाण दिसला नाही तर समजायचं की सगळं नीट चाललंय. मी बरं म्हटलं होतं. दिसणं म्हणजे धोका आणि न दिसणं म्हणजे खुशाली, असा हा उलटा हिशोब डोक्याला पटतो, पण पोटाला अजून पटलेला नाही.

मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशे रंगवताना मुलं समुद्राला निळा रंग द्यायचा कंटाळा करायची. कडेकडेनं एक पट्टा ओढायची आणि आतला भाग कोरा सोडायची. मी ओरडायचे. सगळा भरा, म्हणायचे, समुद्र काय किनाऱ्यापुरता असतो का? प्रत्यक्षात मी स्वतः समुद्र पाहिला होता तो सहलीत, तोही मुलं मोजत मोजत. आमचं पाणी म्हणजे गोदावरी. पूर आला तरी तिला दुसरा काठ असतो, आणि त्या काठावर छत्र्या घेऊन पूर बघायला आलेली माणसं दिसतात. पलीकडे काहीच नसलेलं पाणी मला नकाशात चालायचं.

सुमेधचे बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. टर्बाइनजवळची ड्यूटी. लग्न होऊन तिथल्या कॉलनीत राहायला आले तेव्हा खिडकीच्या काचा सारख्या बारीक थरथरायच्या, आणि थरथर थांबली तरच माणसं दचकून बघायची. भोंगा अवेळी वाजला की आम्ही सगळ्या बायका दारात. नुसतं गेटच्या रस्त्याकडे बघत राहायचं. घरी आल्यावर हे शांतपणे विचारायचे, दूध उतू गेलं का गं, वास येतोय. त्यामुळे भीती मला नवी नव्हती. सायकलवरून घरी येणाऱ्या माणसाची भीती मी निभावून नेली होती. जहाजावरून येणाऱ्या माणसाचं तसं नसतं, हे मला मुलगा मोठा झाल्यावर कळलं.

तीन वर्षांपूर्वी सुमेधचं जहाज ग्रीसमध्ये, पिरेअस बंदराजवळ दुरुस्तीला लागलं. त्याला मधली सुटी मिळाली आणि त्यानं मला बोलावून घेतलं. ह्यांनी विमानात कान दुखतात म्हणून अंग काढून घेतलं, पण निघताना मला एक काम सांगितलं. सातपूरला एका कारखान्यात त्याच्यासाठी नोकरीचं नक्की होत आलं होतं. त्याला सांगून बघ, हे म्हणाले, माझं ऐकत नाही, तुझं कदाचित ऐकेल. म्हणजे मी ग्रीस बघायला निघाले नव्हते. मी मुलाला परत आणायला निघाले होते, आणि बॅगेत शेवेची भाजी करायला मसाला घेतला होता.

सुमेधनं मला एका लहान बेटावर नेलं. जहाजावरच्या कुणीतरी त्याला ते सुचवलं होतं. फेरीबोटीत मी आतल्या बाजूची खुर्ची धरली आणि उतरेपर्यंत जमिनीवरच्या रबरी चटईकडे बघत बसले. तो मधूनमधून येऊन सांगायचा, आई, बाहेर ये, काय रंग आहे बघ पाण्याचा. मला माहीत होता. मी तो हजारो वह्यांवर तपासला होता.

बेटाच्या त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. बंदर खाली आणि गाव वर डोंगराच्या कुशीत, समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांना दिसू नये अशा बेतानं वसवलेलं. म्हणजे त्या गावाची जागासुद्धा भीतीनंच ठरवलेली होती. मला ते ऐकून जरा बरं वाटलं. एके काळी या गावची शंभरेक जहाजं होती म्हणे. इथली वाइन आणि बेदाणे घेऊन जायचे, काळ्या समुद्रातून गहू भरून आणायचे, आणि मधल्या प्रत्येक बंदरात यांच्या गावचा कुणीतरी पेढी उघडून बसलेला असायचा. त्या पैशांतून दोन-दोन मजली दगडी घरं उठली. दरवाजांवर कोरलेली जहाजं, छताला रंगवलेली जहाजं, अंगणात काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या नक्षीत जहाजं. मग वाफेची जहाजं आली आणि शिडाच्या जहाजांचा धंदा बसला. व्यापारी मोठ्या शहरांत निघून गेले. आता बऱ्याच घरांना कुलपं आहेत आणि एका घराच्या छपरातून अंजिराचं झाड वर आलेलं आहे.

व्यापाऱ्यांनी देणगी देऊन बांधलेली शाळा होती, खांबांची, आमच्या नाशिक रोडच्या शाळेच्या तिप्पट. सुटी होती म्हणून मी खिडकीला नाक लावून आत पाहिलं. फळ्याशेजारी जगाचा नकाशा होता. सवयीनं मी आपला देश शोधला आणि मग त्या बेटापासून आपल्यापर्यंत किती निळं आहे ते पाहिलं.

त्या गल्ल्यांतून हिंडताना लोक म्हणे भारावून जातात. फोटो काढतात. सुमेधही काढत होता. माझा जीव मात्र तिथे गुदमरायला लागला. प्रत्येक घराची वरची खिडकी समुद्राकडे होती, आणि प्रत्येक खिडकीला आत दगडी बैठक होती, एका माणसापुरती. कोण बसत असेल तिथे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चर्चमध्ये पत्र्याच्या छोट्या पाट्या टांगलेल्या होत्या, त्यांवर ठोकून काढलेली जहाजं. वादळातून वाचून आलेल्यांनी नवस फेडलेला. जे आले नाहीत त्यांच्या पाट्या कुठे आहेत, असं मी सुमेधला विचारलं. तो म्हणाला, त्या कोण लावणार, आई? आणि तो पुढच्या कमानीचा फोटो काढायला गेला.

आम्ही उतरलो होतो ते घर एका म्हातारीचं होतं. कीरिया काटीना. कीरिया म्हणजे बाई, आपण काटीनाबाई म्हणू तसं. कुणा कप्तानाचं थोरलं घर, त्यातल्या निम्म्या खोल्यांत ती राहायची आणि दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. फिकट निळा एप्रन, पाय सुजलेले, आवाज मोठा. पहिल्या दिवशी ती माझ्याशी ग्रीकमध्ये बोलली, मी मराठीत बोलले, आणि आमचं काही अडलं नाही.

सप्टेंबर होता. तिच्या गच्चीवर द्राक्षं वाळत होती. राख कालवलेलं पाणी, त्यात तेलाचा थेंब, त्यात घड बुडवायचा आणि उन्हात पसरायचा. शालूकडे त्यासाठी डब्यातलं औषध आणि तेल येतं, पण काम तेच. कीरिया काटीना घड उलटायला खाली बसली की मीही पलीकडच्या टोकाला बसायचे. मी दोन बोटांनी देठ धरून घड फिरवते, मणी दाबत नाही, हे तिनं एकदा पाहिलं आणि मान डोलावली. त्यानंतर तिनं मला पाहुणी समजायचं सोडून दिलं. दुपारभर आम्ही दोघी घड उलटायचो, आणि समुद्राकडे पाठ करून बसायची सोय असल्यानं मला तेवढा वेळ बरा जायचा. नोकरीचा विषय मी रोज रात्रीवर ढकलत होते आणि रात्री सुमेध इतका दमून झोपायचा की मी सकाळवर ढकलत होते.

मग वाऱ्याचा दिवस आला.

सकाळी सगळं निवांत होतं. कीरिया काटीनाच्या भाच्याची मासेमारीची बोट होती आणि तिचं इंजिन मधूनच गुदमरायचं. इंजिन म्हटल्यावर आमचा मुलगा थांबतोय कशाला? हात तेलात घालून त्यानं काहीतरी सोडलं, काहीतरी आवळलं, आणि आता समुद्रात नेऊन बघू म्हणाला. मी धक्क्यावर उभी होते. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यानं डोळे मिटून कान दिला. अगदी असाच ह्यांचा चेहरा व्हायचा, खिडकीच्या काचांची थरथर ऐकताना. जेवायला येतो, असं ओरडून तो गेला. फोन त्यानं वर खोलीत चार्जिंगला लावून ठेवला होता. माझ्या फोनला घराबाहेर रेंज नव्हती.

वारा कधी सुरू झाला ते कळलंच नाही. आपल्याकडे वाऱ्याआधी ढग येतात, अंधारून येतं, माणूस वाळवण उचलतो. तिथे आकाश लख्ख निळं आणि वारा मात्र कुणी ढकलत असल्यासारखा. बघता बघता समुद्र पांढरा झाला. बंदरातल्या बोटी एकमेकींवर आपटायला लागल्या, दोरांचा कर्रकर्र आवाज. हॉटेलवाल्यांनी खुर्च्या आत घेतल्या. जेवायची वेळ झाली, टळून गेली. मी धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. पलीकडे काही नव्हतं. नुसतं पाणी, आणि ते उभं राहात होतं.

एक म्हातारा भिंतीच्या आडोशाला जाळं शिवत बसला होता. मी त्याला फोनमधला सुमेधचा फोटो दाखवला. बोट, म्हटलं, कम बॅक? हातानं बोट आल्याचं करून दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, ‘ने.’

आता आमच्या नाशिक रोडला ‘नाही’ असा शब्द कुणी पूर्ण उच्चारत नाही. नै म्हणतो, घाईत असलो तर नुसतं ‘ने’च ऐकू येतं. मला कळलं. नाही आली.

मी पुन्हा विचारलं. समुद्राकडे हात केला. बोट देअर? अजून तिथेच आहे का? त्यानं हनुवटी वर उडवली, सरळ समुद्राच्या दिशेनं, आणि म्हणाला, ‘ओही.’ माझ्या कानांना ते ओ, होय असंच ऐकू आलं. होय, तिथेच आहे. हनुवटीनं दाखवलंसुद्धा.

मी पावाच्या दुकानात गेले. दुकानवालीला फोटो दाखवला, तोच प्रश्न, तीच खूण. ‘ने, ने,’ ती म्हणाली आणि हसली. हसली! मला वाटलं, या गावात माणसं बुडायची इतकी सवय आहे की यांना हसू येतं. पिढ्यान्‌पिढ्या खिडकीत बसून यांच्या काळजाला घट्टे पडले आहेत. मी आणखी कुणाकुणाला विचारलं ते आठवत नाही. सगळे शांत. सगळे नै. एकानं तर माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि ते थोपटणं मला सांत्वनासारखं वाटलं.

मी धक्क्यावर एका दोराच्या वेटोळ्यावर बसले. त्या बसण्याबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही. तोंड कोरडं पडलं होतं, आणि जिभेवर मिठाची चव होती. डोळे पाण्यावरून काढले तर काहीतरी होईल म्हणून मी पापणी लवू देत नव्हते. लहानपणापासून विहारात म्हटलेलं त्रिसरण तोंडात आलं, पण ओळी पुढेमागे व्हायला लागल्या. ह्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं, याची वाक्यं मनात जुळत होती आणि ती जुळताहेत याचीच मला किळस येत होती. वरच्या गावाकडून वाऱ्याबरोबर वाळत्या द्राक्षांचा वास येत होता, आणि तो मी तेव्हापासून नाकात घेऊन फिरते आहे.

मागून कुणीतरी आई म्हणालं.

सुमेध उभा होता. धुतलेला शर्ट, हातात अर्धा खाल्लेला पाव. वारा वाढतोय बघून त्यांनी बोट बेटाच्या दुसऱ्या बाजूला आडोशाच्या खाडीत घातली होती आणि कुणाच्या तरी गाडीतून तो केव्हाच गावात येऊन, आंघोळ करून बसला होता. मी चर्चकडे गेले असेन, असं त्याला वाटलं होतं. भाच्यानं बंदरावर फोन करून बोट सुखरूप असल्याचं कळवलं होतं. बंदरावर सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

मी त्याला पिशवीनं मारलं. पाठीत, दंडावर, जिथे लागेल तिथे. मग त्याला धरून रडले. तो बावरून विचारत राहिला, अगं, कुणाला विचारायचंस ना. मी म्हटलं, सगळ्यांना विचारलं, सगळे नै म्हणाले. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून हसायला लागला.

‘आई,’ तो म्हणाला, ‘यांच्यात ने म्हणजे हो. आणि ओही म्हणजे नाही. मान वर उडवली तरी नाहीच.’

म्हणजे तो म्हातारा मला सांगत होता की हो, आली बोट. नाही, समुद्रात नाही आता. दुकानवाली म्हणत होती, हो हो, आला तुमचा मुलगा. सगळं गाव मला तळमळून सांगत होतं की तो आलाय, आणि मी प्रत्येकाच्या तोंडून त्याचं मरण ऐकत होते. पुढे कित्येक महिने आमच्या घरात हा किस्सा चालला. हे अजूनही मला चहा हवा का विचारून वर पुसतात, मराठीत की ग्रीकमध्ये? मीही हसते. हसताना मला तो दोर हाताला लागतो.

त्या संध्याकाळी सुमेध हसला नाही फारसा. जेवताना तो माझ्या हातांकडे बघत होता. दोराचे वळ त्यांवर अजून दिसत होते. त्यानं स्वतःहूनच सातपूरच्या नोकरीचा विषय काढला. बाबांनी फोनवर सांगितलंय मला, म्हणाला. मग पाव कुस्करायला लागला.

‘तू नको म्हणालीस तर नाही जाणार परत,’ तो म्हणाला. ‘मी मनापासून सांगतोय. उद्या सांग.’

जे मागायला मी इतक्या लांब आले होते, ते त्यानं ताटात वाढून दिलं. आणि मला त्या क्षणी नको म्हणता आलं नाही. त्याचा सकाळचा चेहरा, डोळे मिटून इंजिनाकडे कान दिलेला, मध्ये आला. रात्रभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला. सकाळी मात्र ठरवलं की नको म्हणायचं. धक्क्यावरची ती दुपार मला पुन्हा नको होती. आई म्हणून मला एवढा हक्क आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि बरं वाटलं.

आज, हे लिहिताना, पुन्हा एकदा फोन उघडून पाहिला. बाण नाही. नकाशावर त्या जागी नुसता निळा रंग आहे, सगळा भरलेला. हे समोर पेपर वाचताहेत, म्हणजे पान उलटत नाहीयेत. शालूनं दिलेली बेदाण्यांची पिशवी मी ओट्याखालच्या कप्प्यात मागे सरकवून ठेवली आहे, तरी घरात वास आहेच.

तर, तो शेवटचा दिवस. वारा पडला होता. कीरिया काटीना गच्चीवर घड उलटत होती, वाळत आलेली द्राक्षं टोपलीत भरायची होती. तिच्यासाठी पाणी आणायला मी खाली गेले आणि दिवाणखान्यात थांबले. भिंतीवर तिच्या घरातले सगळे कप्तान टांगलेले होते, मिशावाले, रंगवलेले. त्यांच्या शेवटी एक साधा रंगीत फोटो होता, कोपऱ्यातून उडालेला. विशीतला मुलगा, जहाजाच्या कठड्याला टेकलेला, वाऱ्यानं केस उडालेले, कीरिया काटीनाचंच नाक. हा फोटो मी रोज पाहात होते. त्या दिवशी मात्र तो खिळ्यावरून काढला आणि वर घेऊन गेले. का नेला, कोण जाणे. हा आला की नाही, हे मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

मी फोटो तिच्यासमोर धरला. समुद्राकडे हात केला, आणि मग हात लांबून ओढत ओढत माझ्या छातीशी आणला. आला का? तिला खूण कळली. तिनं हातातला घड खाली ठेवला नाही. हनुवटी जराशी वर उचलली.

‘ओही,’ ती म्हणाली.

आता मला तो शब्द येत होता. आदल्या दिवशीपर्यंत मी तो होय असा ऐकला असता आणि तिला मिठी मारली असती. ती पुढचा घड उलटायला लागली. दोन बोटांनी देठ धरून, मणी न दाबता. तिच्या शेजारी बसून मीही उलटायला लागले. आमच्या दोघींच्या मध्ये तो फोटो द्राक्षांवर ठेवलेला.

जिन्यावर पावलं वाजली आणि सुमेध वर आला. फेरीची वेळ होत आली म्हणाला. त्याची नजर फोटोवर गेली. वाकून त्यानं तो उचलला.

‘यांचा मुलगा का गं?’ त्यानं विचारलं. ‘जहाजावर होता?’

‘हो.’

‘आला ना पण परत?’

तो सहज विचारत होता, पण त्याचे डोळे माझ्यावर होते. नको म्हणायला यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. नुसतं खरं सांगायचं होतं. तेवढ्यानं तो बेत बदलून माझ्याबरोबर विमानात बसला असता. आमच्या घरात शकुन-अपशकुन कुणी कधी मानले नाहीत. माझे वडील तर मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच रस्त्यानं जायचे. तरी निघालेल्या माणसासमोर ‘नाही आला’ हे दोन शब्द माझ्या जिभेवर येईनात. भीती माझी होती. ती त्याच्या सामानात भरली असती तर तो घरी आला असता आणि आयुष्यभर खिडकीच्या बैठकीवर बसून राहिला असता.

मराठीत खोटं बोलायला जमलं नसतं.

‘ने,’ मी म्हणाले. ‘ने म्हणाल्या त्या.’

आमच्या सगळ्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द कीरिया काटीनाला कळण्यासारखा होता. तिचे हात थांबले. तिनं मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुमेधच्या हातातल्या फोटोकडे. ती गुडघ्यांवर जोर देऊन उठली, एप्रनला हात पुसले, तरी ते चिकटच राहिले, आणि त्या चिकट हातांनी तिनं माझ्या मुलाचा चेहरा धरला.

‘ने,’ ती त्याला म्हणाली. ‘ने, पेदी मू.’ पेदी मू म्हणजे माझ्या लेकरा.

सुमेध हसला. गालाला लागलेला रस त्यानं मनगटानं पुसला आणि फोटो तिला जपून परत दिला.

‘बघ आई,’ तो म्हणाला, ‘येतात माणसं परत.’

आम्ही दोघी त्याच्याकडे बघून हसलो, आणि फेरीला थोडा वेळ होता म्हणून राहिलेली द्राक्षं टोपलीत भरायला बसलो.